साठ रुपयांचं पाकीट ठेव बाजूला

अक्का, नमस्कार. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. घरचे दोन माग आहेत, खाणारी तोंडं सहा. आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, गेल्या महिन्यात तापानं धरलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी चावत नाही म्हणतात, भात दोन घास खाऊन ताट सारतात. डॉक्टरांनी भाज्यांचं सूप द्यायला सांगितलं. दुकानातून साठ रुपयांचं पाकीट आणलं, ते एका दिवसात संपलं. मामांना बीपीची गोळी चालू आहे आणि ते सूप खारट लागलं. मग मी घरीच केलं. गाजर, बिनीस, कोबी, टोमॅटो सगळं कुकरात घालून चार शिट्ट्या काढल्या, मिक्सरला फिरवलं, गाळलं. मामा म्हणाले, ‘हे भांडी विसळलेलं पाणी कशाला आणलंस?’ पोरं म्हणतात, हॉटेलसारखं नाही. मिक्सरचं भांडंही आता गळतंय. पावसात मागाचं काम कमी असतं, रोज वरचा खर्च झेपत नाही. स्वस्तात, आणि मामा आवडीनं पितील असं सूप कसं करायचं? शेजारच्या काकू म्हणतात, रात्री सूप दिलं तर कफ होतो. खरं का? नाव छापू नका.
– वडगावची सून

बाई गं, मामांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. तापातून उठलेलं माणूस करवादतंच. पण त्यांची जीभ खोटं बोललेली नाही, हेही सांगायला हवं. तुझ्या भाज्या चांगल्या होत्या, पैसेही गेले, आणि खाण्यासारखं जे होतं ते गाळणीत राहिलं. चोथा म्हणून टाकलास त्यातच गाजर होतं, बिनीस होती. वाटीत उतरलं ते रंगीत पाणी. वर कोबी चार शिट्ट्या शिजवलास. कोबीला फार वेळ आच लागली की त्यातल्या गंधकाचा उग्र वास सुटतो, आणि मामांना भांड्यांची आठवण झाली ती त्या वासानं.

आधी पाकिटाचं बोलू, म्हणजे तो विषय मिटेल. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात सोडियम किती ते लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. एका वाटीत 800 मिलिग्रॅम सोडियम असलं, तर 2 ग्रॅम मीठ पोटात गेलं. मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भाजी, आमटी, चटणी, लोणचं सगळं धरून. बीपीच्या माणसाला दिवसातून दोन वाट्या पाकिटाचं सूप दिलं, तर बाकीच्या जेवणाला काय उरलं? चवीपुरतं कधीतरी पोरांना दिलंस तर आभाळ कोसळत नाही. आजाऱ्याचं रोजचं खाणं म्हणून ते नको, एवढंच. आणि कुणी सैंधव घाल, बीपीला चालतं म्हणालं, तर हसून सोडून दे. सैंधवही मीठच आहे. दुकानात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळतं त्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नकोस.

आता सूप. डॉक्टर भाज्यांचं सूप म्हणाले म्हणून नुसत्या भाज्या घालायच्या असं काही नाही. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावरचं मांस झडतं. ते भरून यायला प्रथिनं लागतात, आणि गाजर-कोबीत ती नावालाच. म्हणून त्यात डाळ घाल, तीही मसूर. 100 ग्रॅम मसूर डाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात. तूरडाळीपेक्षा ती लवकर शिजते, भिजवावी लागत नाही, कुकरही लागत नाही, आणि शिजून विरघळली की सुपाला आपसूक दाटपणा येतो. कॉर्नफ्लोअरचं काम तीच करते. कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, दाटपणा येतो पण पोटाला काही मिळत नाही.

मसुरीचं तुला मी काय सांगायचं म्हणा! भातं निघाल्यावर येळ्ळूर-शहापूरच्या काळ्या शिवारात जी बारीक मसूर होते, ती तुमच्याच दाराशी. तिची चव वेगळी आणि भावही वेगळा. ती अख्खी मसूर उसळीला ठेव. सुपाला किराणा दुकानातली साधी केशरी डाळ पुरते. अख्ख्या मसुरीची सालं मामांच्या दातात अडकतील, आणि सूप काळपट दिसेल ते निराळंच.

बाजाराला सकाळी जाऊ नकोस. गणपत गल्लीत असो की शहापूरच्या खडेबाजारात, खेड्यावरनं आलेल्या बायका संध्याकाळी उठायच्या घाईत असतात. उरलेल्या मालाचे वाटे लावतात आणि एका वाट्यावर दुसरा सोडतात. सुपाला भाजी देखणी नसली तरी चालते. वाकडं गाजर, मऊ पडलेला टोमॅटो, भोपळ्याची शेवटची फोड, सगळं चालतं. फक्त टोमॅटोवर बुरशी नको आणि बटाटा हिरवट पडलेला नको. हिरवा बटाटा सोलूनही घेऊ नकोस, फेकून दे. पालेभाजी या दिवसांत महाग, चिखलानं भरलेली आणि दोन धुण्यांत अर्धी होणारी. ती थंडीत बघू. सध्या तांबडा भोपळा, दोडका, दुधी, गड्ड्याचा कोबी यांच्यावर भागव. भोपळ्याची फोड स्वस्त मिळते, गोडी देते आणि शिजून मऊ होते, म्हाताऱ्या तोंडाला तिच्यासारखी भाजी नाही. दोडका आणि दुधी चिरायच्या आधी प्रत्येकाचा एक काप जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर अख्खी फळभाजी टाकायची. कडू दुधीनं माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत, तिथं दहा रुपयांकडं बघू नये.

सहा जणांचं प्रमाण सांगते. मध्यम दोन कांदे, लसणीच्या पाच-सहा पाकळ्या, पेराएवढं आलं, अर्धी वाटी मसूर डाळ, एक बटाटा, पाव किलो तांबडा भोपळा, एक लहान दोडका, दोन टोमॅटो आणि मूठभर बारीक चिरलेला कोबी. गाजर असलं तर घाल, नसलं तर अडत नाही. तेल दोन चहाचे चमचे. टोमॅटोनं डोकं वर काढलेलं नसेल तर तुझ्या साठ रुपयांत हे सगळं बसून वर काही उरावं.

खरी मेख कांद्यात आहे. बायका घाईत असतात, कांदा जरा पांढरट झाला की पुढचं ओततात. सुपाला तसं चालत नाही. जाड बुडाचं पातेलं घे. तेल तापलं की बारीक चिरलेला कांदा टाक, वर चिमूटभर मीठ घाल. मिठानं कांद्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही. मग बारीक आच करून झाकण ठेव. लहान बर्नर असेल तर त्यावरच ठेव, गॅस वाचतो. आधी डोळ्यांत पाणी आणणारा वास येईल, मग तो बसेल, मग कांदा काचेसारखा होईल. तिथं थांबायचं नाही. अजून थोड्या वेळानं कडा पिवळसर होतात, आणि पातेल्यावरनं झाकण काढलं की गोडसर वास तोंडावर येतो. पंधरा मिनिटं तरी लागतात. तू जवळ बसून कांड्या भर हवं तर, पण मधून मधून उठून ढवळ. मागावर ताण्याचे उभे धागे ढिले असले तर वरनं कितीही चांगली जरतार घातली तरी कापड बसत नाही, तसंच या कांद्याचं आहे. इथं पंधरा मिनिटं दिलीस, तर पुढं महागडं काही घालावं लागणार नाही.

कांदा झाला की ठेचलेली लसूण आणि आलं टाक. मिनिटभर परत, लसूण लाल होऊ देऊ नकोस, कडवट लागते. मग बटाट्याच्या आणि भोपळ्याच्या बारीक फोडी घाल आणि आच जरा मोठी कर. तीन-चार मिनिटांत त्या बुडाला धरायला लागतील. घाबरू नकोस, हेच हवं आहे. उलथन्यानं खरवडून काढ, ते तांबूस खरवडलेलं सुपात मुरलं की चव दुप्पट होते. आता धुतलेली डाळ आणि गरम पाणी घाल. पाणी सात वाट्या, अगदी आठ, त्यावर नाही. गार पाणी ओतलंस तर सगळं पुन्हा तापेपर्यंत गॅस जळत राहतो, म्हणून शेजारच्या शेगडीवर आधीच आधण ठेव. उकळी आली की वर फेस येईल, तो पळीनं काढून टाक. मग आच बारीक करून अर्धवट झाकण ठेव आणि वीसेक मिनिटं शिजू दे.

टोमॅटो आत्ता घालायचा नाही. बहुतेकींची डाळ इथंच अडते आणि मग डाळीला नावं ठेवतात. आंबट पडलं की डाळ, बटाट्याच्या फोडी, सगळंच कडक राहतं, लवकर मऊ होत नाही. डाळ बोटांत चिरडून बघ, पीठ झाली की मग टोमॅटो आणि दोडका घाल. सात-आठ मिनिटांत दोन्ही शिजतात. कोबी सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं राहिली की. तेवढ्यात तो मऊ होतो आणि वास मारत नाही. कोबी नुसता पोरांच्या वाट्यांत घातलास तरी चालेल. मामांना अजून दाटून येत असेल, पोट फुगत असेल, तर त्यांच्या वाटीत तो नकोच.

कुकर वापरायचाच असेल, गॅस संपत आला असेल, तर हेच सगळं कुकरात कर, पण कांदा आधी तसाच परतून घे. डाळ, बटाटा, भोपळा घालून एक शिट्टी आणि बारीक आचेवर पाच मिनिटं. झाकण उघडल्यावर टोमॅटो, दोडका, कोबी. चार शिट्ट्या हरभऱ्याला ठेव.

गळका मिक्सर तर लागणारच नाही. पातेलं खाली उतरव आणि रवीनं घुसळ, डाळ घोटतेस तसं. बटाटा आणि भोपळा मऊ झालेले असतात, चार वेळा रवी फिरली की मिळून येतात, मधे मधे एखादी फोड हाताला लागते. ती फोड बरी. अगदी गुळगुळीत केलेल्या सुपाला तोंडात काही सापडत नाही आणि माणूस दोन घोटांत कंटाळतं. पुढंमागं नवा मिक्सर आला तरी उकळतं सूप त्यात घालू नकोस. आत वाफ कोंडते आणि झाकण उडून हातावर येतं. कोमट होऊ द्यायचं, भांडं अर्धंच भरायचं. गाळणी मात्र या पदार्थातून कायमची हद्दपार कर.

मीठ या सगळ्या पातेल्याला मिळून सपाट एक चहाचा चमचा, परतताना घातलेली चिमूट त्यातच धरायची. सहा जणांत तो वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला ग्रॅमभरही येत नाही. तुला ते अळणी वाटेल, नवऱ्याला तर नक्कीच वाटेल. त्यानं आपल्या वाटीत वरनं घ्यावं. मामांच्या वाटीत मीठ वाढवायच्या आधी आंबट घाल. अर्ध्या लिंबाच्या चार थेंबांनी अळणीपणा निम्मा झाकला जातो, हे करून बघ म्हणजे पटेल. लिंबू नसेल तर कोळलेली चिंच, तीही बोटाच्या पेरभर. टोमॅटो महाग झाले की मी सगळं आंबट चिंचेवरच भागवते. भरडलेली काळी मिरी शेवटी घालायची, उकळत ठेवायची नाही, नाहीतर तिचा वास उडून जातो आणि नुसता तिखटपणा उरतो. लाल तिखट नको. ब्याडगीचा रंग छान येतो हे खरं, पण तापानंतरच्या घशाला तो रंग काय कामाचा?

तापानंतर चव जाते ती बरीचशी वासाची गेलेली असते. म्हणून मामांची वाटी त्यांच्यापुढं ठेवताना लोखंडी पळीत चमचाभर तूप आणि जिरं तडतडवून त्यांच्यासमोर वर ओत. चर्र आवाज आणि जिऱ्याचा वास, दोन्ही त्यांच्यापर्यंत जाऊ देत. तुपानं उष्मांकही वाढतात, आणि खाणं कमी असलेल्या माणसाला ते हवेच असतात. डॉक्टरांनी तूप बंद केलं असेल तर शेंगतेलावर फोडणी दे.

मोठा वाडगा भरून देऊ नकोस. भरलेला वाडगा बघूनच आजारी माणसाला धसका बसतो. अर्धी वाटी, दिवसातून चारदा. आणि एका वेळी तरी जोंधळ्याच्या भाकरीचा पापुद्रा त्यात कुस्करून, पाच मिनिटं मुरू देऊन दे. भाकरी सोडलेल्या माणसाला भाकरी परत मिळाली की तो खुशीत येतो, आणि ‘पाणी’ म्हणायला तोंड राहत नाही. रेशनच्या तांदळाचा मऊ भात कालवलास तरी तेच.

भाकरी चावत नाही म्हणतात, तर कवळी वापरतात का ते तू लिहिलं नाहीस. वापरत असतील तर ती सैल झालीय का बघ. माणूस वाळलं की हिरड्याही आकसतात, कवळी हलते, टोचते, आणि म्हातारी माणसं ते सांगत नाहीत, नुसती ‘चव नाही’ म्हणतात. तोंडात बॅटरीचा उजेड धरून एकदा बघून घे. जिभेवर, गालाच्या आतून पांढरा थर दिसला तर डॉक्टरांना दाखव, औषधानं तो जातो आणि चव परत येते. आणखी एक लक्ष ठेव. सूप किंवा पाणी पिताना ठसका लागतोय का, पिऊन झाल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतोय का? तसं असेल तर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातोय. असं दिसलं तर सूप पाजत बसू नकोस, आधी दवाखाना. आडवं निजवून तर कधीच पाजायचं नाही. बसवून, पाठीला उशी देऊन, आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्यायचं. मूत्रपिंडाचा काही त्रास सांगितलेला असेल, तर टोमॅटो, बटाटा, भोपळा किती चालेल ते विचारून घे. साखर असेल तर बटाटा काढून भोपळाच थोडा ठेव. आणि दोन-तीन आठवड्यांत खाणं वाढलं नाही, धोतर-लेंगा आणखी सैल होत गेला, तर सुपावर विसंबून राहू नकोस.

पोरांचं हॉटेलसारखं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. वर तळलेल्या शेवया, खाली काळपट, चिकट, सोया सॉसनं खारट. तेच सूप त्यांच्या दोन वाट्यांपुरतं छोट्या पातेल्यात काढ. कोबी आणि ढबू मिरची तारेसारखी बारीक चिरून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परत, त्यात टाक, मिरी जास्त घाल. शिळ्या चपातीच्या पट्ट्या कापून तव्यावर थेंबभर तेलात कुरकुरीत कर आणि वाढताना वर पेर. आधी पेरल्यास तर लगदा होतो आणि पुन्हा तक्रार. सोया सॉस आणलास तर अर्धा चमचा सगळ्यांत मिळून, आणि मग त्या पातेल्यात वेगळं मीठ नाही.

रोज मसूर म्हटल्यावर कंटाळा येणार. मुगाची डाळ त्याच रीतीनं होते, आजाऱ्याला ती आणखी हलकी. श्रावण सोमवारी कांदा-लसूण नको, तेव्हा आलं, जिरं, हिंग आणि भोपळा जास्त. भोपळा बुडाला नीट लागू दिलास की कांद्याची उणीव फारशी जाणवत नाही. तुमच्या मंगाईदेवीच्या यात्रेला घरात जे शिजायचं ते शिजेल, त्या दिवशी मामांना त्यातला रस्सा मागायचा मोह होईल. तिखट पडायच्या आधी दोन पळ्या काढून ठेव, म्हणजे भांडण नको. खानापूरकडं पावसात हुलग्याचं माडगं करतात, तेही जमेल तेव्हा कर, पण मामांचं पोट नीट चालायला लागल्यावर. थंडी पडली, मटार-नवलकोल स्वस्त झाले की मला आठवण कर, त्यांचं वेगळं सांगेन.

कुणी तुला देठ-सालींचं पाणी काढून ठेवायला सांगेल. फ्लॉवरचा दांडा, कोथिंबिरीचे देठ, मटारची टरफलं उकळायची आणि ते पाणी सुपाला वापरायचं. वाईट नाही. पण त्यासाठी वेगळा गॅस जाळायचा असेल तर त्यात राम नाही. कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून सुपातच टाक, फ्लॉवरचा दांडा सोलून फोडी कर. चूल पेटलेली असेल, अंघोळीचं पाणी तापत असेल, तर निखाऱ्यावर ठेव बापडी एखादी डेचकी. मेथीचे देठ आणि कारलं तेवढं त्यात नको.

एकदा केलेलं दोन दिवस पुरव, जास्त नाही. पावसाळी हवेत डाळीचं पातळ लगेच आंबतं. झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. पसरट भांड्यात काढून, भांडं थंड पाण्याच्या परातीत बसवून निववायचं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. लिंबू आणि फोडणी न घालता ठेव, वाढायच्या वेळी हवं तेवढंच काढून खळखळून उकळ आणि मग घाल. सगळं पातेलं दहादा तापवायचं नाही. चिंच-टोमॅटो पडलेलं सूप कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नको, स्टीलचं घे. दिवसभर वीज गेली असेल आणि फ्रिजमधलं कोमट झालं असेल तर वास बघत बसू नकोस, टाकून दे. खराब झालेल्या सगळ्याच खाण्याला वास येतो असं नाही.

राहिला काकूंचा कफ. गरम, पातळ, विनादुधाचं डाळ-भाजीचं सूप रात्री दिल्यानं कफ होत नाही. उलट गरम वाफेनं नाक-घसा मोकळा वाटतो. पण रात्री न देण्याचं दुसरं कारण आहे. वाटीभर पातळ पोटात गेलं की म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. अंगात ताकद नाही, पावसानं न्हाणीघराची फरशी ओली, आणि उठवायला कुणाला हाक मारायची म्हणून ते अंधारात एकटेच जाणार. शेवटची वाटी संध्याकाळी सातच्या आत दे, न्हाणीत पोतं अंथर आणि तिथला दिवा रात्रभर चालू ठेव.